स्टॉल मिळाला, मोरी राहिली

माझ्या मुतखड्याला मी ‘धंद्यातली कमाई’ म्हणतो. सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, ‘दिवसाला पाणी किती पिता?’ मी म्हणालो, ‘रविवारी भरपूर.’ त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय. पण खरंच तसं होतं. साडेनऊला शटर वर जातं, साडेसातला खाली येतं. मधल्या दहा तासांत मी दोन अर्धे कप चहा घेतो आणि पाण्याच्या बाटलीला हात लावत नाही. सगळ्यात जवळचं स्वच्छतागृह एसटी स्टँडात आहे. तिथवर जायला दीडशे पावलं, मग तीन पायऱ्या, मग कायम ओली असलेली फरशी. ओल्या फरशीवर कुबडीचं रबर कसं सटकतं, ते कुबडी वापरणाऱ्यालाच ठाऊक. एकदा तिथे आपटलो आणि मनगटाला सहा आठवडे प्लास्टर पडलं. तेव्हापासून ठरवून टाकलं, दुकानात असताना तहान लागली नाही पाहिजे. पहिल्या वर्षी त्रास झाला, पुढे तहानच लागेनाशी झाली.

दीड वर्षाचा असताना मला पोलिओ झाला. डाव्या पायात कमरेपर्यंत कॅलिपरचा आधार आणि काखेत कुबडी, असा मी १९९३ साली तालुक्याच्या गावात एसटीडी बूथचा मालक झालो. त्या काळी अपंगांना बूथ देणं हे सरकारचं आवडतं काम होतं आणि ते चांगलंही होतं. माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या घरातली चूल त्या पिवळ्या पाटीवर पेटली. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून खरी गर्दी अकरालाच. मुंबईला, सुरतेला फोन लावणारे लोक रांगेत उभे असायचे आणि मी साडेबारापर्यंत मीटरकडे बघत बसायचो. मग घरोघरी फोन आले, मग खिशात आले. बूथचं झेरॉक्स दुकान झालं, त्यात मोबाइल रिचार्ज आलं आणि आता ऑनलाइन फॉर्म भरून देतो. मशीन चार वेळा बदललं. चार बाय सहाच्या त्या खोक्याला पाण्याचा नळ तीस वर्षांत लागला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. अपंग माणसाला धंदा काढून देणारी आपली सगळी व्यवस्था दुकान मोजते, शरीर मोजत नाही. कर्ज, गाळा, फिरतं वाहन, मशीन हे सगळं ‘भांडवल’ या सदरात बसतं. ते मशीन ज्या हातांनी चालतं ते हात, ज्या बुडावर माणूस दहा तास बसतो ते बूड आणि ज्या मूत्राशयाच्या जोरावर तो तग धरतो ते मूत्राशय, यांची देखभाल मात्र त्याची खासगी बाब समजली जाते. स्टॉलची चावी हातात दिली की कागदावर पुनर्वसन झालं आणि फाइल बंद.

यावर एक रास्त आक्षेप आहे, तो आधीच घेतो. माझ्या शेजारचा पानवाला म्हणतो, ‘काका, मोरी मलाही नाही. आजारपणाची रजा मलाही नाही. तुम्हालाच वेगळं काय?’ त्याचं खरं आहे. या देशात छोट्या धंदेवाल्याचं आरोग्य कुणाच्याच हिशेबात नाही. मासळी विकणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायका दिवसभर लघवी तुंबवून बसतात. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ म्हणजे लघवीच्या हक्काची मोहीम उभी राहिली ती त्यांच्यासारख्यांच्याच हालांतून. पण पानवाला स्टँडच्या मागे भिंतीआड जाऊन दोन मिनिटांत परत येतो. मला जाऊन यायला वीस मिनिटं लागतात, शटर अर्धं ओढावं लागतं, आणि परत येईपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या दुकानातून सातबारा काढून घेऊन गेलेलं असतं. शिवाय पाणी कमी पिणं त्याला जड जाईल ते वीस वर्षांनी. मणक्याला मार लागलेल्या माझ्या मित्राला ते पंधरा दिवसांत दवाखान्यात नेतं.

या मित्राबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. तो मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. अपघातात मणका गेला, छातीखाली संवेदना नाही. लघवीची जाणीवच होत नसल्याने त्याला दर चार ते सहा तासांनी कॅथेटर म्हणजे लघवी काढायची नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं, तेही स्वच्छ हातांनी, स्वच्छ जागी. दुकानात तशी जागा नाही. म्हणून तो वेळ लांबवतो, लघवी तुंबते, जंतुसंसर्ग होतो, थंडी वाजून ताप येतो. वर्षातून तीन-चारदा हे ठरलेलं. पण खरा शत्रू बेडसोर, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम. तुम्ही-आम्ही खुर्चीत बसल्या बसल्या नकळत कूस बदलतो, कारण बूड दुखतं. ज्याचं बूड दुखतच नाही त्याला ते घड्याळ लावून करावं लागतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, दाब मोकळा करायचा. समोर गिऱ्हाईक फोन उघडून उभं असताना, चिमट्यात तांदळाच्या कणीएवढा स्क्रू धरलेला असताना, हे घड्याळ कोण पाळणार? दिवाळीच्या हंगामात त्याने सलग पाच-सहा तास खुर्ची सोडली नाही. कातडीवर आलेली बोटभर लाली त्याच्या बायकोने पाहिली तेव्हा आत पोकळी झालेली होती. चार महिने तो घरी पालथा पडून होता. दुकान बंद, भाडं चालू, कर्जाचा हप्ता चालू. बँकेच्या माणसाला सांगितलं की बेडसोर आहे. तो म्हणाला, ‘म्हणजे नक्की काय? फ्रॅक्चर आहे का?’

आता हाच माझा मित्र एखाद्या कारखान्यात पगारी नोकर असता तर? कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) बसण्यासाठी सर्वसाधारण कामगाराला महिन्याच्या पगाराची मर्यादा २१ हजार आहे आणि अपंग कामगाराला २५ हजार. म्हणजे अपंगाला जास्त संरक्षण लागतं, हे कायद्याला कळलेलं आहे. त्या योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. पण ही सोय नोकराला. स्वतःचं दुकान टाकणाऱ्याला त्यातलं काहीच नाही. आणि गंमत बघा, अपंगांना खासगी क्षेत्रात नोकऱ्या मिळत नाहीत, म्हणूनच तर त्यांना ‘स्वयंरोजगाराकडे वळा’ असं सांगितलं जातं. नोकरीचं दार बंद, म्हणून धंद्याच्या दारात आलो, तर संरक्षण नोकरीच्या घरात राहिलं.

कायद्यात मात्र सगळं लिहिलेलं आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मी स्वतः फॉर्म भरता भरता किती वेळा झेरॉक्स केला असेन. त्यातलं कलम २४ सांगतं की राज्य विमा किंवा दुसऱ्या कुठल्याही सरकारी विम्यात न बसणाऱ्या अपंगांसाठी सर्वंकष विमा योजना हवी. कलम ३७ सांगतं की धंदा-व्यवसायासाठी सवलतीत जमीन दिली जाते तिथे ५ टक्के आरक्षण हवं. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत वापरण्याजोग्या करा असंही त्यात होतं, ती मुदत कधीच उलटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना सहज वावरता यावं यासाठीचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा. पण या सगळ्या चर्चेत ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे कचेरी, स्टेशन, न्यायालय. तिथे अपंग माणूस येतो तो अर्जदार म्हणून, तासाभरासाठी. तो दिवसभर बसतो ते त्याचं खोकं कुठल्याच इमारतीत मोडत नाही. आपल्याला दया दाखवायला अर्जदार अपंग सोयीचा वाटतो, दुकानदार अपंग डोक्यातच येत नाही.

विम्याचं बघू. २०१५ मध्ये ‘स्वावलंबन’ नावाची आरोग्य विमा योजना आली होती. वर्षाला ३५७ रुपये भरायचे, दोन लाखांचं संरक्षण. नावही झकास, धंदेवाल्याला शोभेल असं. ती पुढे गुंडाळली गेली. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेची ‘निरामय’ योजना चालू आहे. तिच्यात एक लाखापर्यंत खर्च मिळतो आणि विशेष म्हणजे त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीही धरली आहे. पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. पोलिओवाला, मणकेवाला, अंध त्यात नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना पाच लाखांची आहे, पण तिचं दार उघडतं ते दवाखान्यात भरती झाल्यावर. आमचं दुखणं भरती होण्याआधीचं असतं. कुशन फाटलंय, कॅलिपरचा पट्टा मांडीला घासतोय, खांद्याला फिजिओ हवाय, कॅथेटरचा महिन्याचा खर्च परवडत नाही म्हणून एकच धुऊन धुऊन वापरतोय. ही हजार-दोन हजारांची कामं वेळेवर झाली तर लाखाची शस्त्रक्रिया टळते. बेडसोर भरण्यासाठी मांस लावायच्या ऑपरेशनला सरकार पैसे देईल, तो होऊ नये म्हणून लागणाऱ्या कुशनला देणार नाही. खासगी कंपन्यांनी तर आम्हाला वर्षानुवर्षं दारातूनच परत पाठवलं. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कान टोचले आणि विमा नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांना अपंगांसाठी पॉलिसी काढणं भाग पाडलं. बरं झालं. तरी तीही मुख्यतः भरती झालेल्या माणसाचीच कहाणी.

‘निरामय’चं उदाहरण मी मुद्दाम दिलं. बाह्यरुग्ण खर्च विम्यात बसवता येत नाही, असं कुणी म्हणालं तर तो बसवलेला समोर आहे. यादी वाढवायची आहे.

आता आमच्याच अंगणात येतो, कारण सगळा दोष सरकारच्या माथी मारून मोकळं होणं मला पटत नाही. आम्ही अपंग धंदेवाले स्वतःच्या शरीराशी फार वाईट वागतो. त्याला कारण आहे. लहानपणापासून ऐकत आलो, ‘रडत बसू नकोस, करून दाखव.’ ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, पेपरात फोटो येतो आणि खाली मथळा असतो, ‘जिद्दीपुढे अपंगत्व हरले’. एकदा माझाही आला होता. तो कापून लॅमिनेट करून दुकानात लावला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मला ‘आज खांदा दुखतोय, दुपारी बंद ठेवतो’ असं म्हणायची लाज वाटत राहिली. जिद्दीचा फोटो भिंतीवर असलेल्या माणसाने दुपारी झोपायचं कसं?

पोलिओवाल्यांची तर एक खास फसगत झाली. मालिश करणाऱ्यापासून मास्तरांपर्यंत सगळे सांगायचे, ‘जितका चालवशील तितका पाय सुधारेल.’ आम्ही चालवला. पोलिओच्या तापात मज्जातंतूंच्या बऱ्याच पेशी मरतात. ज्या वाचतात त्या शेजारच्या अनाथ स्नायूंनाही फांद्या फोडून सांभाळतात. एका माणसाने चार घरांचा संसार ओढावा तसं. ते तीस-चाळीस वर्षं निभतं. मग त्या पेशी थकतात आणि पन्नाशीच्या आसपास नवी अशक्तता सुरू होते. चांगला वाटणारा पायही लटपटतो, थंडी सोसत नाही, दुपारपर्यंत अंगातला जीव जातो. याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. यात जोर लावून व्यायाम केला तर नुकसान होऊ शकतं. थकण्याआधी थांबावं लागतं. हे मला कळलं ते पंचेचाळिशीनंतर. तोवर एका दवाखान्यात ‘आळस झटका, वजन कमी करा’ एवढंच ऐकलं होतं. त्या तरुण डॉक्टरला दोष देत नाही. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याने पोलिओ पुस्तकातच पाहिला असणार. रोग गेला याचा आनंद मलाही आहे, मी पल्स पोलिओच्या दर रविवारी दुकानासमोर बूथ लावू द्यायचो. पण पोलिओ झालेले आम्ही लोक अजून आहोत, गावोगावी झेरॉक्स काढतोय, शिलाई मशीन चालवतोय, पिठाच्या गिरणीचा पट्टा ओढतोय, आणि आमचे हातपाय एकाच दशकात जाब विचारायला लागलेत.

म्हणून मी काही गोष्टी बदलल्या. ए-फोर कागदाच्या एका रिमचं वजन सव्वादोन किलोच्या वर भरतं, दहा रिमचा खोका तेवीस किलोंच्या पुढे. तो मी ओढायचो, कारण पुरवठा करणाऱ्या पोराला ‘आत आणून ठेव’ म्हणणं कमीपणाचं वाटायचं. आता म्हणतो. मशीनची उंची चार इंच वाढवली, म्हणजे वाकावं लागत नाही. दीड ते तीन दुकान बंद ठेवतो. पाटी लावली, ‘दुपारी विश्रांती’. पहिल्या महिन्यात लोकांनी शटर बडवलं, एकजण म्हणाला, ‘काका पुणेकर झाले.’ गल्ला थोडा कमी झाला, हे खोटं कशाला सांगू. पण संध्याकाळी जिना चढताना मुलाला हाक मारावी लागत नाही.

हा सल्ला म्हणून सांगत नाही. कारण हे मला परवडलं ते मुलगा नोकरीला लागल्यावर. ज्याचं घर रोजच्या गल्ल्यावर चालतं त्याला ‘विश्रांती घ्या’ म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखं. आणि हे फक्त हातापायांचंही नाही. अंध दुकानदाराला मधुमेह झाला तर पायाची जखम दिसत नाही, ती रोज कुणीतरी बघावी लागते. कर्णबधिर शिंप्याला डॉक्टर काय बोलले ते नीट कळत नाही, तो मान डोलावतो आणि गोळ्या उलट्यासुलट्या घेतो.

विश्रांती परवडायची तर आजारपणात दोन पैसे यायला हवेत. इथे आपल्या राज्याचं धोरण फारच विचित्र आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं मानधन ऑक्टोबर २०२५ पासून महिना अडीच हजार झालं, त्याबद्दल आभार. पण त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार. म्हणजे महिन्याला चार हजार एकशे साठ-सत्तर रुपयांच्या वर घर गेलं की मानधन नाही. स्टॉल चालला तर मानधन जातं, नाही चालला तर राहतं. एका हाताने कर्ज देऊन सांगायचं ‘धंदा वाढव’ आणि दुसऱ्या हाताने सांगायचं ‘वाढवलास तर बघ’. मी ज्यांचे फॉर्म भरतो त्यातले कित्येकजण उत्पन्न लपवतात, आणि मला त्यांना खोटारडं म्हणवत नाही. अपंगत्वाचा खर्च हा उत्पन्न वाढलं म्हणून कमी होत नाही. कॅथेटर श्रीमंतालाही तेवढेच लागतात. हे मानधन उत्पन्नापासून सोडवावं आणि अपंगत्वाचा जादा खर्च म्हणून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तसंच दिव्यांग महामंडळाच्या कर्जात वैद्यकीय दाखल्यावर हप्ते पुढे ढकलायची सोय हवी, आणि ‘बेडसोर म्हणजे फ्रॅक्चर का’ असं विचारावं लागणार नाही इतकी ती साधी हवी.

पैसा कुठून आणायचा, असं विचारलं जाईल. मोठ्या योजनांचा मी सांगू शकत नाही, पण मोरीचा सांगू शकतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी वर्षअखेरीस घाईघाईने वाटला जातो, कुणाला रोख, कुणाला वस्तू. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे, त्यातल्या नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे जे प्रतिनिधी असतात त्यांत अपंगांनाही जागा द्यायची आहे. बाजाराची आखणी करताना दर पन्नास-शंभर टपऱ्यांमागे एक रुंद दाराचं, दांडी लावलेलं, कोरड्या फरशीचं स्वच्छतागृह, आत हात धुवायला नळ आणि कॅथेटर ठेवायला एक फळी, एवढं हा निधी आणि ही समिती यांची सांगड घातली तरी होईल. त्याचा उपयोग मासळीवाल्या मावशींना होईल, गरोदर बाईला होईल, सत्तरीच्या आजोबांना होईल. पानवाल्यालाही.

गेल्या मार्चमध्ये मी आमच्या इथे तसा अर्ज द्यायला गेलो. ५ टक्के निधीचा छापील नमुना होता. त्यात रकाने : शिलाई मशीन, पिठाची गिरणी, झेरॉक्स मशीन, तीनचाकी सायकल, इतर. मी ‘इतर’समोर लिहिलं, ‘एसटी स्टँडजवळ अपंग विक्रेत्यांसाठी स्वच्छतागृह’, आणि खाली आमच्या नऊ जणांच्या सह्या, एक अंगठा. खिडकीतल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला. वाईट नव्हत्या त्या, मला बसायला खुर्चीही दिली. म्हणाल्या, ‘काका, हा फॉर्म वैयक्तिक लाभाचा आहे. इतरमध्ये वस्तू लिहायची असते.’ मग जरा थांबून, मदत करायच्या सुरात म्हणाल्या, ‘झेरॉक्स मशीन लिहू का? ते लगेच मंजूर होतं.’